झिलाक राती देवा

आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची हिशेबाची एक लाल वही माझ्या कपाटात आहे. तिच्यातलं एक पान मी सहसा कुणाला दाखवत नाही. वर मथळा आहे, ‘दशावतार प्रशिक्षण शिबीर, मे २०१७’, आणि खाली माझ्याच अक्षरात खर्च. मंडप, खुर्च्या, स्पीकर २६,०००. बॅनर, टी-शर्ट आणि प्रमाणपत्रांची छपाई २१,५००. दहा दिवसांचं जेवण आणि चहा ४४,०००. उद्घाटनाचे नि समारोपाचे पाहुणे, त्यांच्या गाड्या, शाली, नारळ १९,०००. फोटो आणि व्हिडिओ ११,०००. शिकवायला आलेल्या तीन कलाकारांचं मानधन, तिघांचं मिळून, ९,०००. किरकोळ धरून बेरीज १,४०,००० च्या थोडी वर.

विमा कंपनीत तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या. असं पान कुणी माझ्या टेबलावर ठेवलं असतं तर मी चष्मा वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं. फोटोवाला शिकवणाऱ्यांपेक्षा महाग! पण ते पान मीच लिहिलं होतं, मीच बेरीज केली होती आणि समारोपाला मीच माईकवर उभा राहून ‘लोककला जगली पाहिजे’ असं काहीतरी बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

शिबिराला २२ मुलं होती. दोन वर्षांनी त्यांतला एकच दशावतारी कंपनीत होता, आणि तो शिबिराच्या आधीपासूनच कंपनीत होता.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडून चहा घ्यावा. सिंधुदुर्गात आणि लागून असलेल्या गोव्यातल्या पेडण्याकडच्या भागात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला देवळांच्या जत्रा सुरू होतात. रात्री पालखी फिरते, बायका ओट्या भरतात, बाहेर खाज्याची आणि भज्यांची दुकानं मांडलेली असतात, आणि मध्यरात्रीच्या आसपास देवळासमोर दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग काळ्या पोशाखातला शंखासुर, जो मालवणीत अख्ख्या गावाची टर उडवतो. त्यानंतर मुख्य आख्यान, पहाटेपर्यंत. शेवटी दहीकाला. नाव दशावतार असलं तरी दहाही अवतार कधी दिसत नाहीत, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. स्त्रियांची कामं पुरुषच करत आले. नेपथ्य म्हणाल तर मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, गरज पडली तर तोच रथ. बाजूला पेटी, मृदंग, झांज. आणि लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी मालक किंवा जाणता कलाकार सांगतो, आज अमुक आख्यान, तू राजा, तू राणी, तू राक्षस, पहिल्या प्रवेशात हे घडतं, दुसऱ्यात ते. बास. पुढचं प्रत्येकाने आपापल्या तोंडाने बोलायचं.

हे शेवटचं वाक्य मला लहानपणापासून माहीत होतं, तरी त्याचा अर्थ कळायला पन्नाशी उलटावी लागली. जे लिहिलेलंच नाही ते शिकवायचं कसं, हा प्रश्न शिबीर भरवताना आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आम्ही वेळापत्रक केलं. सकाळी ९ ते १० आवाज, १० ते ११ पदन्यास, ११ ते १२ संवादफेक. शिकवायला आलेले तिघे कलाकार भिडस्त माणसं. रात्री जागायची आयुष्यभराची सवय, त्यामुळे सकाळी ९ वाजता बिचारे धड शुद्धीवरही नसायचे. ‘संवादफेक’ या तासाला त्यांतल्या एकाने मुलांना अर्धा तास गोष्टी सांगितल्या. मला तेव्हा वाटलं, हा माणूस टाळाटाळ करतोय. आता वाटतं, दहा दिवसांत खरं काही शिकवलं गेलं असेल तर ते त्या अर्ध्या तासात.

२०१८च्या मार्गशीर्षात गावच्या जत्रेला गेलो होतो. थंडी होती. देवळाच्या मागच्या बाजूला पडवीत रंगपट होता, तिथे पत्र्याच्या पेट्या उघड्या पडल्या होत्या आणि जो तो आपापला आरसा मांडीवर घेऊन रंगत होता. दशावतारात रंगवायला वेगळा माणूस नसतो, आपलं तोंड आपणच रंगवायचं. आमच्या शेजारच्या वाडीतले एक म्हातारे, आबा म्हणतो मी त्यांना, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. एके काळचे नामांकित स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची कामं करणारे. आता गुडघे गेलेत, पण जत्रा सोडत नाहीत. रंगपटात बसून कुणाच्या निऱ्या नीट पडल्या नाहीत ते काठीने दाखवतात.

त्या रात्री कंपनीत एक नवीन पोरगा होता. सोळा-सतरा वर्षांचा. सगळे त्याला बाबू म्हणत होते, म्हणजे आमच्याकडे दर तिसऱ्या मुलाला म्हणतात तसंच. त्याने एका गालाला पांढरं लावलं, दुसऱ्याला लावलं, दोन्ही गाल वेगळे दिसायला लागले म्हणून पुसलं, परत लावलं. शेजारी राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारे, बसले होते. त्यांनी स्वतःच्या मिशा कोरता कोरता, मान न वळवता, डाव्या हाताने त्याच्या मानेला तेलाचं बोट लावलं. मान रंगवायची राहिली होती. शब्द एक नाही.

बाबूला दूताचं काम होतं. प्रवेश एक, वाक्य एक. राजा बाकड्यावर बसलाय, दूत धावत येतो आणि सांगतो की महाराज, शत्रूचं सैन्य वेशीवर येऊन ठेपलं आहे. रात्रीचे दोन वाजून गेले असतील. बाबू धावत आला, मुजरा केला आणि गप्प उभा राहिला.

मी पडद्याच्या कडेला होतो, मला त्याचं तोंड दिसत होतं. डोळे उघडे, ओठ हलतायत, आवाज नाही. समोर तीनचारशे माणसं. मृदंगवाल्याने एक हलकी थाप दिली, जणू काही ही शांतता ठरवूनच ठेवलीय. राजा म्हणाला, “दूता, तुझ्या मुखावरचं भय पाहूनच आम्ही समजलो, वार्ता शुभ नाही. बोल. तुला अभय आहे.” बाबू गप्प. राजा उठला, त्याच्याभोवती एक फेरी मारली, पेटीवाल्याने सूर धरला. “शत्रू किती योजने दूर आहे, एवढंच सांग.”

बाबूच्या तोंडून एक शब्द फुटला. “वेशीर!”

लोक फुटलेच. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. राजा क्षणभर थांबला आणि प्रधानाकडे वळून म्हणाला, “ऐकलंस प्रधाना? संकट इतकं घोर आहे, की आमचा दूत राजभाषा विसरून मायबोलीत आला!” कडकडून टाळ्या. आणि मग बाबूही हसला. हसल्यावर त्याचा श्वास मोकळा झाला, आणि पुढचं वाक्य तो खणखणीत बोलला, शिवाय पदरचं एक जोडून.

प्रवेश संपवून राजपार्टी आत आले, चहा घेतला. बाबू पत्र्याच्या पेटीवर मान खाली घालून बसला होता. त्याला वाटलं असणार, आता निघालं आपलं. ते फक्त एवढंच म्हणाले, “फाल्या परत तूच.” फाल्या म्हणजे उद्या.

पहाटे मी आबांना घरी सोडायला निघालो. वाटेत त्यांना म्हटलं, आबा, पुढच्या मे महिन्यात परत शिबीर घ्यायचा विचार आहे, या वेळी पंधरा दिवसांचं. आबा काही बोलले नाहीत. त्यांच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, पोचल्यावर म्हणाले, “दहा दिवसात काय जाता तां बगलंस. पंधरा दिवसात त्याच्या दीडपट जायत. शिबीर रवांदे. झिलाक राती देवा.”

मला वाटलं म्हातारा देवाला हाक मारतोय. मीही उगाच हात जोडले. घरी पोचेपर्यंत ट्यूब पेटली नव्हती: देवा म्हणजे द्या. शिबीर राहू द्या, पोराला रात्री द्या.

या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी महिने बसून होतो. हिशेब करायची सवय, म्हणून हिशेब केला. आमच्या शिबिरात समारोपाच्या दिवशी २२ मुलांना मिळून दीड तास रंगमंच मिळाला. म्हणजे माणशी चार मिनिटं, तीही आईबापांसमोर, जे काहीही झालं तरी टाळ्या वाजवणार. कंपनीत हंगाम धरला तर नोव्हेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत जवळजवळ रोज कुठे ना कुठे नाटक असतं. शंभर रात्री धरा. पोराचा प्रवेश पाचच मिनिटांचा असला तरी पाचशे मिनिटं, आणि समोर दर रात्री वेगळं गाव, जे हसतं, झोपतं, उठून भजी आणायला जातं. बाकीची रात्र तो कडेला उभा राहून बघतो. एकच आख्यान दहा वेळा, दहा तऱ्हांनी.

आणि मुख्य म्हणजे चुकतो. आमच्या शिबिरात चुकायची सोयच नव्हती. वहीत चुकण्यासाठी रकाना नव्हता.

मग वाटलं, असं आहे तर आपण पैसे कशाला द्यायचे? कंपन्या आहेत, जत्रा आहेत, पोरं आपोआप शिकतील, शतकं शिकत आलीच की. पण आता ते तितकं आपोआप राहिलेलं नाही. पूर्वी रात्र लांब होती. आता कित्येक ठिकाणी नाटक तीन तासांत आटोपतं, ध्वनिक्षेपकाचे नियम आहेत, लोकांना सकाळी कामाला जायचं असतं. तीन तासांत मावायचं तर पहिली कात्री दूताच्या प्रवेशाला. शिवाय हल्ली ‘संयुक्त दशावतार’ जोरात आहे: वेगवेगळ्या कंपन्यांतले गाजलेले कलाकार एका रात्रीसाठी एकत्र. मलाही बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण तिथे शिकाऊ पोराला उभं राहायला जागा नसते. आणि ट्रिकसीन. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, ‘ट्रिकसीनयुक्त’. धूर येतो, मुंडकं उडतं, साप निघतो. पोरांना त्याचं वेड आहे, आणि मालकांना ते परवडतं, कारण साप वाक्य विसरत नाही.

दुसरी बाजू पोटाची. ‘रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा’ ही म्हण आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पूर्वी खरोखरच रात्री राजा झालेला माणूस सकाळी कंपनीचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायचा. आता टेम्पो आहे, पण शिकाऊ पोराला रात्रीचे जे मिळतात त्यात त्याचा पेट्रोलचा खर्चही कधी कधी निघत नाही. घरी आई विचारते, एवढं जागरण करून आणलंस काय? गोव्यात कारखान्यात लागलेला शेजारचा मुलगा महिन्याला ठरलेला पगार आणतो. पोरगा वाईट काम करत असतो त्याच काळात त्याला पैशांची गरज असते. चांगलं काम यायला लागलं की कंपनीच त्याला धरून ठेवते. मधली दोन-तीन वर्षं उपाशी जातात, आणि माणसं तिथेच गळतात.

सरकार काही करत नाही असं म्हणणं मला आवडत नाही, कारण ते खरं नाही. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. लोककलाही त्यात बसते. त्याआधीच्या वयाला, १० ते १४ मध्ये, सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यातल्या काही जागा परंपरेने कला करत आलेल्या घरांतल्या मुलांसाठी राखीव असतात. क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची गुरू-शिष्य योजना आहे. आमच्या भागाला उदयपूरचं पश्चिम क्षेत्र केंद्र लागतं. तिच्यात गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० अशी आखणी मी वाचली तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं, कारण कुणीतरी साथीदार मोजला होता. राज्याचं ज्येष्ठ कलाकारांना मानधन आहे, ते २०२४पासून महिना ५,००० झालं. आबांना त्याचा खरा आधार आहे. पण म्हणजे दशावतारी माणसाला सोळाव्या वर्षी काही नाही आणि म्हातारपणी औषधापुरते. मधे तो टिकला तर.

बाबूसाठी आम्ही एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. कुठल्या ते सोडा. त्यात रकाना होता, ‘गुरूचे नाव’. बाबू पेन हातात घेऊन बसला. म्हणाला, “कोणाचा लिवू?” तोंड रंगवायला एकाने शिकवलं, तलवार दुसऱ्याने, बोलायला राजपार्टी, ताल मृदंगवाल्याने, निऱ्या आबांनी, आणि गप्प कधी बसायचं ते पेटीवाल्याने. शेवटी त्याने त्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरात सहा नावं कोंबली. महिनाभराने अर्ज परत आला, शेरा मारून: एकच नाव लिहावे. नियम म्हणून त्यांचं बरोबरच असेल. पण तोपर्यंत मुदत गेली होती, आणि बाबूला वाटलं ते निराळंच. त्याला वाटलं, सहा गुरू असणं ही काहीतरी लबाडी आहे.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. माझ्या डोक्यात बरीच वर्षं केरळ कलामंडलम होतं. वल्लथोळ कवीने १९३०मध्ये उभं केलं आणि कथकळीला हात दिला. उडुपीचं यक्षगान केंद्र १९७१चं, आमच्या किनाऱ्यावरच खाली. आमच्याकडेही असं एक केंद्र, कौलारू इमारत, समोर माड, असं स्वप्न मी मंडळाच्या दोन वार्षिक सभांत मांडून झालो होतो. अजूनही ते मोडीत काढावं असं वाटत नाही. पण कथकळीत देहाला वर्षानुवर्षं घडवून मग उभं करायचं असतं, यक्षगानात उत्स्फूर्त संवादांबरोबर पावलांची, पदांची पक्की घडी आहे. आमच्या कलेतलं पक्कं फार थोडं. आमच्याकडे मुख्य शिकायचं ते भर रात्री, समोरचा काय बोलला ते ऐकून त्याच्यावर आपलं वाक्य रचणं. ते इमारतीत जमेल का, मला शंका आहे. त्या संस्थांकडून एक गोष्ट मात्र सरळ उचलण्यासारखी आहे. शिकणाऱ्याच्या जेवणाची आणि झोपण्याची काळजी त्या घेतात.

तर २०१९च्या नोव्हेंबरात आम्ही दुसरं पान लिहायला घेतलं. चार मुलं निवडली. निवडली म्हणजे आबांनी सांगितली. कंपनी जे देते त्यावर मंडळाकडून रात्रीमागे ३०० रुपये. मालकांशी बोलून एकच अट: मुलाला रोज निदान एक बोलता प्रवेश द्यायचा, कापायचा नाही. शंभर रात्री धरून चौघांचे १,२०,०००. शिवाय दुपारी तासभर मृदंगवाल्याने आणि पेटीवाल्याने मुलांना घेऊन बसायचं, त्याचे वेगळे पैसे. वाचायला हरिविजय आणि पांडवप्रतापाच्या चार-चार प्रती.

पोथ्यांचा आग्रह राजपार्टींचा. ‘वेशीर’ झाल्यापासून त्यांच्या डोक्यात ते होतं. घरी, शाळेत, टेम्पोत मालवणी, मोबाईलवर हिंदी, शाळेची पुस्तकं अर्धी इंग्रजी. आणि रात्री एकदम ‘हे नराधमा, तुझ्या पापाचा घडा भरला’ म्हणायचं. जुनी माणसं शाळेत फारशी गेलेली नव्हती तरी ही भाषा त्यांच्या तोंडात होती, कारण श्रावणात घरोघरी पोथी लागायची आणि ती कानावर पडायची. आताच्या पोरांच्या कानावर ती पडत नाही, म्हणून शब्दच नाहीत. एक मुलगा महिनाभर ‘प्रधानजी, सिच्युएशन कठीण आहे’ म्हणत होता. लोक हसायचे, त्यामुळे त्याला वाटायचं हे चाललंय. राजपार्टींनी त्याला रागावलं नाही. एका रात्री भर नाटकात विचारलं, “प्रधाना, हा कोणत्या देशीचा शब्द? शत्रूच्या हेरांत तर तुझी ऊठबस नाही ना?” दुसऱ्या दिवशी तो दुपारी पोथी उघडून बसला.

मृदंगवाल्याला वेगळे पैसे द्यायला मंडळात विरोध झाला. वाजवतोच ना तो, वेगळं काय शिकवणार? मी त्यांना ‘वेशीर’ची रात्र सांगितली. ती एक थाप नसती तर ती शांतता फजिती ठरली असती. नट चुकतो तेव्हा झाकतो तो बाजूला बसलेला माणूस, आणि तेच तो दुपारी शिकवतो: विसरलास तर माझ्याकडे बघ, मी तुला चार मात्रा देतो, तेवढ्यात चालत बाकड्यापर्यंत जा, वाक्य सापडेल. हे मी स्वतः बसून ऐकलंय. चार मात्रांत किती चालता येतं ते मुलं पडवीत मोजत होती.

दुसरी अडचण फोटोंची. देणगीदारांना वर्षाच्या शेवटी काहीतरी दिसायला हवं. मी काय दाखवणार? रात्री अडीच वाजता अंधुक उजेडात उभा असलेला एक दूत? ३०० रुपयांचा फोटो निघत नाही. एका देणगीदाराने सरळ सांगितलं, निदान मुकुटांवर मंडळाचं नाव तरी घाला. मी म्हटलं, इंद्राच्या मुकुटावर डोंबिवली शाखा कशी दिसेल? ते आमच्यावर अजून नाराज आहेत.

आणि २०२०चा मार्च आला. ऐन हंगामात जत्रा बंद, नाटकं बंद, कंपन्यांच्या पेट्या घरांत. दशावतारी माणूस पावसाळ्यात शेतीवर असतो आणि हंगामातल्या रात्रींवर वर्ष काढतो. त्यांचे ते आणि पुढचे महिने कसे गेले ते मी डोंबिवलीत बसून सांगू नये. चौघांपैकी एक त्याच काळात गोव्यात औषधाच्या कारखान्यात लागला, तो परत आला नाही. मंडळात कुणी म्हणालं, पैसे फुकट गेले. मला ते पटत नाही. मागच्या गणपतीत तो भेटला. त्यांच्या गावच्या हौशी नाटकात त्याने राक्षस केला होता आणि आवाज असा लावला होता, की म्हणे देवळाच्या वळचणीची कबुतरं उडाली. वहीत याची नोंद कुठल्या रकान्यात करायची मला कळत नाही, म्हणून केलेली नाही.

एका प्रश्नाला मात्र आमच्याकडे अजून उत्तर नाही. पेटीवाल्यांची मुलगी, बारावीला आहे, मृदंग असा वाजवते की दुपारच्या बैठकीत मुलं तिच्याकडे बघून चालतात. मुलींची दशावतार मंडळं आता उभी राहिलीत, तिथे ती वाजवते, पण त्यांचे प्रयोग मोजके. रोजच्या रात्री आहेत त्या पुरुषांच्या कंपन्यांत, टेम्पोत, देवळांच्या पडव्यांत. तिला रात्री कशा द्यायच्या? आबांना विचारलं. साडी नेसून ज्यांनी आयुष्य काढलं ते आबा बराच वेळ काठीने जमीन टोकरत बसले. मग म्हणाले, “ह्या माका कळणा नाय.” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

गेल्या मे महिन्यात गावी होतो. हंगामातलं शेवटचं नाटक पाच-सहा गावं पलीकडे होतं. दहीकाला झाला, हंडी फुटली, उजाडायला लागलं होतं. कंपनीचा टेम्पो माझ्याच वाटेने जाणार होता म्हणून मी पुढे न बसता मागे पेट्यांमध्ये जागा करून घेतली. बाबू समोर बसला होता, एका गाठोड्याला टेकून. आता तो कधी कधी राजपार्ट करतो, लहान आख्यान असेल तर. तोंड पुसलं होतं, पण कानामागे पांढरं राहिलं होतं.

रात्री मोजायला प्रत्येक मुलाकडे एक शाळेची वही असते. तारीख, गाव, आख्यान, काम, आणि मालकांची सही. पैसे त्यावरून द्यायचे. मी म्हटलं, आण, शेवटची बेरीज इथेच करून टाकू. त्याने पिशवीतून वही काढून दिली. टेम्पो हलत होता, मी बोट ठेवून मोजत होतो.

“एकशे चार,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “मोजलंय मी.”

एकशे चारच होत्या.

“पण तेतूरल्यो तीनच बऱ्यो झाल्यो.”

मी वही चाळली. गावांची नावं, आख्यानं, सह्या, एका पानावर चहाचा डाग. कुठल्याच ओळीवर खूण नव्हती.

“खंयच्यो रे तीन?” मी विचारलं.

त्याला झोप लागली होती.